जमिनीला कान

ईलिंग, लंडन
१४ नोव्हेंबर २०२२

योना,

पाकिटावरचं अक्षर बघून तू हे न उघडता टाकून देणार नाहीस, असं धरून चालते. आपण शेवटचं बोललो ते फोनवर, आणि त्यातलं शेवटचं वाक्य माझं होतं. ते इथे परत लिहीत नाही. तुला ते पाठ असणार.

मराठीत लिहितेय त्याचं कारण माया नाही. ऑर्ली घरात आहे. तिला मराठी बोललेलं कळतं, वाचता येत नाही. पत्र टेबलावर उघडं राहिलं तरी तिला ती नुसती नक्षी दिसेल.

ती सप्टेंबरात परत आली, टांझानियाहून, कायमची. हातपाय धड आहेत. हीथ्रोवर मी आधी तेच बघितलं, आयुष्यभर मिडवाइफचं काम केलेली बाई दुसरं काय बघणार? दोन हात, दोन पाय, श्वास नीट. घरी आल्यावर कळलं की बाकी काहीच नीट नाही.

ती किचनमध्ये भिंतीला पाठ लावून जमिनीवर बसते. खुर्ची दिली तर उठून परत खाली बसते. जेवण समोर ठेवलं तर थोडं खाते, मग थांबते आणि तळहात भिंतीला लावते. परवा दुपारी म्हणाली, "मम्मी, कोण ठोकतंय?" मी म्हटलं, शेजारी लॉफ्टचं काम चाललंय. तिने मान हलवली. माझ्यावर विश्वास बसला म्हणून नव्हे, मला बरं वाटावं म्हणून.

जीपी डॉक्टरने गोळ्या दिल्यात आणि समुपदेशनाच्या वेटिंग लिस्टवर घातलंय. तिच्या चॅरिटीने मला एक ईमेल पाठवली होती. ती ज्या गावात काम करायची तिथल्या खाणीत अपघात झाला, ऑर्ली सुखरूप आहे, तिला विश्रांतीची गरज आहे. बास, एवढंच. खाण म्हटल्यावर मला तू आठवलास, हे तुला वेगळं सांगायला नको. मी तिला "जाऊ नको" म्हणत होते तेव्हा तूच एडिनबराहून म्हणालास, "जाऊ दे तिला, मिल्का. सोन्याच्या गावात खरं काय असतं ते बघून येऊ दे." बघून आली.

तरीही लिहितेय, कारण दुपारी सोफ्यावर तिचा डोळा लागतो आणि झोपेत ती "मामा, मामा" म्हणते. आर्जव केल्यासारखं म्हणते. तिला मामा एकच आहे.

माझा राग आहे तसाच आहे. पण हाक तुला मारली जातेय, ती तुझ्यापर्यंत पोचवणं माझं काम. पुढे तुझी मर्जी.

मिल्का


ईलिंग
२७ डिसेंबर २०२२

योना,

आधीचं पत्र तुला मिळालं का, ते कळायला मार्ग नाही. पोस्टाचा संप चाललाय, लोकांची ख्रिसमसची कार्डंसुद्धा अडकून पडलीत. तू गप्प आहेस तो संपामुळे, असं मी माझ्यापुरतं ठरवलंय.

एक चूक दुरुस्त करायची आहे. ऑर्ली झोपेत हाक मारते ती तुला नाही. तिथल्या स्वाहिली भाषेत मामा म्हणजे आई. आणि तिथे बाईला तिच्या थोरल्या लेकराच्या नावाने ओळखतात. मामा रेहेमा, म्हणजे रेहेमाची आई. तिला हाक मारते आपली पोरगी. म्हणजे मी तुला उगाचच लिहिलं. पण आता सुरुवात झालीच आहे तर पुढचंही ऐक. मी हे सांगू कुणाला? खाणीत उतरलेला माझ्या ओळखीचा माणूस एकच आहे.

आपल्या हनुकाच्या सणाचे दिवे लावत होतो. पेटवायची काडी तिच्या हातात होती. ज्योत बोटापर्यंत आली तरी ती सोडेना, मी फुंकर मारून विझवली. मग ती बोलायला लागली, आणि दिवे विझेपर्यंत बोलत राहिली.

तू काम केलंस तशा त्या कंपनीच्या खाणी नव्हेत. गावातल्या माणसांनी हाताने खणलेल्या, विहिरीसारख्या, आत लाकडाचे टेकू. आत पुरुष जातात. बायका बाहेर असतात. पुरुषांनी टाकून दिलेला दगड त्या पाठीवर वाहून आणतात, लोखंडी उखळात कुटतात, पाण्यात धुतात आणि मग त्या चिखलात उघड्या हातांनी पारा कालवतात. पारा सोन्याला धरून ठेवतो. तो गोळा अंगणातल्या चुलीवर तापवायचा, पारा उडून जातो, कणभर सोनं मागे राहतं. त्याच चुलीवर नंतर जेवण शिजतं, आणि शेजारी तान्हं निजलेलं असतं. हे ऐकताना मला खाण दिसतच नव्हती, योना. मला फक्त पोटुशा बाया दिसत होत्या.

ऑर्लीचं काम होतं त्यांना ह्यातून बाहेर काढायचं. चॅरिटीने एक झाकणाचं भांडं दिलं होतं, त्यात वाफ कोंडून पारा परत पाण्यात उतरतो, कुणाच्या छातीत जात नाही. बायकांचा गट बांधला. शाळा सुटलेल्या पोरींसाठी वर्ग काढला. त्या पोरींत सगळ्यात पुढे रेहेमा. एकोणीस वर्षांची, मोठ्याने हसणारी. ऑर्लीला "ओली" म्हणायची. भांडं वापरायला सगळ्यात आधी तीच शिकली आणि मग घरोघरी जाऊन तिनेच शिकवलं.

पण रेहेमाला टाकलेला दगड नको होता. तिला आत जायचं होतं, जिथे खरा दगड आहे तिथे. आणि बाई आत गेली की सोनं पळतं, असं ते लोक मानतात. विटाळ, दुसरं काय. आपल्याकडे काय कमी ऐकलं ते आपण? ऑर्ली खाणीच्या मुकादमाशी महिनोन् महिने भांडली. बायकांनाही आत काम मिळालं पाहिजे, बरोबरीने मिळालं पाहिजे. शेवटी तो कबूल झाला. डोक्यावर हेल्मेट घातलेल्या रेहेमाचा फोटो चॅरिटीने वेबसाइटवर लावला. ऑर्लीने तो मला त्या वेळी पाठवलाही होता. मी "छान" लिहून पुढच्या कामाला लागले होते.

पावसात खाणीची एक बाजू बसली. रेहेमा आणि आणखी दोघं आत राहिले.

मामा रेहेमा खाणीच्या तोंडाशी बसली आणि दगडाने जमिनीवर ठोकायला लागली. खालून उत्तर आलं. ती ठोकायची, थांबायची, खालून ठोके यायचे. गावातली पोरं बादल्यांनी माती उपसत होती. दिवस गेले. ठोके क्षीण होत गेले. मुकादम म्हणाला, दुसरी बाजूही हलतेय, आता थांबा. ऑर्ली म्हणाली, नाही, मला अजून ऐकू येतंय. सगळे रेहेमाच्या आईकडे बघायला लागले. तिने जमिनीला कान लावला. बराच वेळ तशीच राहिली. मग उठली, कपडे झटकले आणि म्हणाली, "बस."

पोरांनी बादल्या खाली ठेवल्या. ऑर्ली एकटी हाताने माती उकरत होती, तिला दोघांनी धरून बाजूला नेलं.

"मम्मी," ती मला म्हणाली, "ती वाजवत होता अजून." इतकी वर्षं झाली, घाबरली की तिचं मराठी असंच होतं.

पहिल्या नोकरीत तूही खाणीत अडकलेल्या माणसांना काढायला गेला होतास. ठाण्याच्या घरी परत आलास तेव्हा काही बोलला नव्हतास आणि आई आम्हाला म्हणाली होती, त्याला विचारू नका. आता विचारते. उपसणं थांबवलं तेव्हा ती मुलगी जिवंत होती का? ऑर्लीला मी काय सांगू?

मिल्का


ईलिंग
१९ फेब्रुवारी २०२३

योना,

तुझं कार्ड मिळालं. एडिनबराच्या किल्ल्याचं चित्र आणि मागे चार ओळी. "खडक बसताना आवाज करतो. पाणी ठिबकतं. वर कान लावलेल्या माणसाला ते ठोके वाटतात. तिला हे सांग." बाकी काही नाही. मी कशी आहे हेसुद्धा नाही. असो, मीही तुला विचारलं नव्हतं.

मी तिला वाचून दाखवलं. ती भांडी घासत होती. म्हणाली, "मामा तिथे होता?" आणि परत भांडी घासायला लागली. धुतलेलीच भांडी.

आता एक खरं सांगते. पहिल्या पत्रात मी लिहिलं होतं की शेजारी लॉफ्टचं काम चाललंय म्हणून मी तिला सांगितलं. शेजारचं घर उन्हाळ्यापासून रिकामं आहे. बाहेर विक्रीची पाटी लागलीय. आणि ते ठोके मलाही येतात.

पहिल्यांदा आले ते सकाळी, ऊन पडलेलं असताना. मी कांदा चिरत होते, रेडिओ बंद, ऑर्ली वर आंघोळीला. पायाखालून आले. मी सुरी ठेवली, ते थांबले. मी सुरी घेतली. चिरायला लागले. परत आले. मी बॉयलरवाल्याला बोलावलं. त्याने जमिनीच्या दोन फळ्या उचकटल्या, पाइपाला कान लावला, टॉर्च मारला. काही नव्हतं. भला माणूस, चहा पिऊन गेला, म्हणाला जुनी घरं बोलतात. ऑर्लीला मी ह्यातलं काही सांगितलेलं नाही. आपल्या घरात एक तरी न ऐकणारी राहिली पाहिजे.

दुसरं. मामा रेहेमा फोन करते. ऑर्लीच्या मोबाइलवर नाव येतं, ती मोबाइल टेबलावर तसाच ठेवून खोलीतून निघून जाते. एके दिवशी मी उचलला. मनाची तयारी केली होती. म्हटलं, शिव्याशाप असतील, आणि ते ऐकायला आईच पाहिजे. पलीकडे एक मुलगी इंग्रजीत बोलायला लागली. नीमा, रेहेमाची धाकटी बहीण, शाळेत जाते. म्हणाली, माझी आई विचारतेय, तुमची मुलगी जेवते का?

मी नळ सोडला आणि तो वाहता ठेवला, म्हणजे माझा आवाज तिकडे जाऊ नये.

मग रोज बोलणं व्हायला लागलं. मधे नीमा, दोन टोकांना आम्ही दोघी. अपघातानंतर पुरुष म्हणायला लागले की बाई आत गेली म्हणून खाण कोपली. आता बायकांना टाकलेल्या दगडालाही हात लावू देत नाहीत. चॅरिटीने काम थांबवून ठेवलंय, ते झाकणाचं भांडं त्यांच्या खोलीत कुलपात आहे. पोट तर थांबत नाही. म्हणून बायका लपूनछपून कुठून कुठून दगड आणतात आणि दारं लावून घरात पारा जाळतात. आधी निदान उघड्यावर जाळायच्या. नीमा म्हणाली, एका बाईचे हात इतके थरथरतात की मूल पाजताना तिला दुसऱ्या कुणीतरी धरावं लागतं.

चॅरिटीने ऑर्लीला मीटिंगला बोलावलं होतं. तिने उत्तरच दिलं नाही म्हणून मीच गेले, किंग्ज क्रॉसच्या मागे त्यांचं ऑफिस आहे तिथे. प्रमुख ईशिता नावाची मुलगी, आईवडील नागपूरकडचे, जन्म लेस्टरचा. गोड आहे, दमलेली आहे. म्हणाली, "आंटी, ट्रस्टीज घाबरलेत. एक मुलगी गेली. त्या गावात परत काही झालं तर आम्ही कुठे तोंड दाखवणार?"

मी म्हटलं, "तुम्ही नसताना जे होतंय ते कुणाला दाखवायचं नाही, एवढंच ना?"

मग मी तिला पोटातल्या बाळाला पारा काय करतो ते सांगितलं, वॉर्डमध्ये सांगायचे तसं, आवाज न चढवता. तिने लिहून घेतलं, मधे लिहायची थांबली, डोळे पुसले. शेवटी ठरलं ते असं. खोलीची किल्ली आणि भांडं बायकांच्या गटाला द्यायचं, ते कायमचं त्यांचं. पण चॅरिटीचा माणूस तिथे जाणार नाही, चॅरिटीचं नाव लागणार नाही. वेबसाइटवरून रेहेमाचा फोटो काढून टाकलाय. ते मला ईशिताने सांगितलं नाही, मी घरी येऊन बघितलं.

हे सगळं मी ऑर्लीसाठी केलं, त्या बायकांसाठी नाही. निदान जाताना ट्यूब ट्रेनमध्ये बसले तेव्हा तरी तसंच होतं.

मिल्का


ईलिंग
१७ एप्रिल २०२३

दादा,

दार उघडलं तेव्हा मी तुला ओळखलंच नाही. म्हातारा झालास. टोपी हातात घेऊन उभा होतास, एखाद्या परक्याच्या घरी आल्यासारखा, आणि म्हणालास, "पेसाहचा सण आहे, एकटा काय जेवू?" मी बाजूला झाले. इतकी वर्षं न बोलण्यात घालवली आणि आत यायला तुला एवढंच पुरलं.

तू ऑर्लीला बागेत घेऊन गेलास. काय बोललास ते मला ऐकू आलं. किचनची खिडकी उघडी होती, आणि ती मी बंद केली नाही.

ती म्हणाली, "मामा, तू लिहिलं, रॉक आवाज करतो. ते खरं आहे?"

तू म्हणालास, "खरं आहे. आणि ते वाक्य माझं नाही. मला माझ्या साहेबाने सांगितलं होतं. कर्नाटकात, माझ्या पहिल्या नोकरीत, खाली माणसं अडकली होती आणि आम्हाला वर बोलावून घेतलं. मी म्हटलं, साहेब, अजून आवाज येतोय. ते म्हणाले, खडक बसतोय, पोरा, चल. तेव्हापासून मी ते वाक्य सांगत आलोय. स्वतःलाही."

"आणि?"

"ते ठोके होते, ऑर्ली. खडक आपण ठोकायची वाट बघत थांबत नाही. उत्तर माणूसच देतो. तुला ऐकू आलं म्हणतेस ना? मग आलंच असणार."

दादा, त्या क्षणी बाहेर येऊन तुला घराबाहेर काढावं असं मला वाटलं होतं. सहा महिने मी त्या पोरीला सांगतेय की तिला भास होतोय, आणि तू येतोस आणि अर्ध्या तासात सांगतोस की ती मुलगी खाली जिवंत होती. मी दाराच्या कडीला हात घातला होता. मग ऑर्ली रडायला लागली. परत आल्यापासून ती रडलीच नव्हती, हे मला तेव्हा लक्षात आलं. तू तिच्या पाठीवर हात ठेवला नाहीस, काही समजावलं नाहीस, नुसता शेजारी उभा राहिलास. आणि नंतर म्हणालास, "थांबले नसते तर खणणारेही गेले असते, हेही खरं आहे. दोन्ही खरं आहे. दोन्ही घेऊनच जगावं लागतं, मला अजून नीट जमलेलं नाही."

मग तुम्ही आत आलात आणि ती टेबलाशी खुर्चीवर बसली. माशाचं कालवण आणि भात जेवली, परत मागून घेतला. तू माझ्याकडे बघितलंस आणि मी ताटाकडे बघत राहिले, कारण मला तुझे आभार मानायचे नव्हते.

तू गेल्यावर तिने फोन उचलला. मामा रेहेमाशी ती काय बोलली मला कळलं नाही, सगळं स्वाहिलीत. फोन ठेवल्यावर म्हणाली, "ती म्हणते, फोनवर नाही, तू ये. तिला मला काही सांगायचं आहे."

मुलगी गेलेली आई समोरासमोर बसून काय सांगेल? मी "नको जाऊ" म्हणाले नाही. "जा" पण म्हणाले नाही. म्हटलं, मीपण येते.

मिल्का


ईलिंग
१० सप्टेंबर २०२३

ति. दादास,

परत आले. एकटीच. सावकाश सांगते.

म्वांझा शहरातून गाडीने लाल धुळीच्या रस्त्याने गेलो. गाव दिसायच्या आधी ऐकू आलं. प्रत्येक घरापुढे लोखंडी उखळ, प्रत्येकीच्या हातात जड मुसळ, आणि एका लयीत दगड कुटला जातोय. गाडीत मी ऑर्लीचा हात धरला. तिला वाटलं मी तिला धीर देतेय. खरं तर आधार मलाच हवा होता. हा आवाज मी माझ्या किचनमध्ये ऐकला होता का? वाटलं, हाच. मग वाटलं, नाही, तो थांबून थांबून यायचा. मी ठरवू शकले नाही आणि अजूनही ठरलेलं नाही.

मामा रेहेमा माझ्यापेक्षा बरीच लहान निघाली. चाळिशीची असेल. बुटकी, काटक, पुढचा एक दात नाही. तिने ऑर्लीला जवळ घेतलं नाही, आधी तिचे दंड चाचपले, वजन बघितल्यासारखे. मग माझ्याकडे वळून काहीतरी म्हणाली आणि नीमा हसली. "आई म्हणतेय, तुम्ही हिला नीट खाऊ घातलं नाही."

बायकांचं म्हणशील तर भांडं गटाकडे आहे आणि रोज चालतं. आलटून पालटून एकेकीचा गोळा त्यात जातो. मुकादमाच्या दारात मामा रेहेमा जाऊन बसायची, रोज सकाळी, काही न बोलता. गावातल्या कुठल्याच पुरुषाची तिला उठवायची हिंमत झाली नाही. शेवटी टाकलेल्या दगडाचा एक ढीग त्याने बायकांच्या नावे सोडला. खाणीत मात्र बाई जात नाही. नीमा म्हणते, कधीतरी जाईन. तिची आई ऐकून न ऐकल्यासारखं करते. नीमा संध्याकाळी पोरींचा वर्ग घेते, ऑर्लीच्या जुन्या फळ्यावर. मी घरोघर पोटुशा बायकांकडे गेले. पारा वापरू नका म्हणून सांगायला गेले होते आणि त्याऐवजी दोन बाळंतपणं करून आले. थरथरणाऱ्या हातांची बाई भेटली. तिचं मूल बघितलं. त्याबद्दल लिहवत नाही.

आता जे सांगायला हे पत्र घेतलं ते.

एके दुपारी अंगणात बसलो होतो, मामा रेहेमा, मी आणि ऑर्ली. नीमा शाळेत होती, म्हणून भाषांतर ऑर्ली करत होती. मी ठरवून गेले होते की विचारायचं नाही. तरी विचारलं. "तिला विचार, त्या दिवशी तू 'बस' का म्हणालीस?"

ऑर्ली म्हणाली, "मम्मी, नको."

"विचार. ती आई आहे, मीपण आई आहे."

तिने विचारलं. मामा रेहेमा बोलायला लागली, हळू, एकेक वाक्य, भाषांतराला जागा सोडून. ऑर्ली तिच्या मोडक्या मराठीत माझ्यासाठी सांगत गेली. तिचेच शब्द लिहिते.

"ती म्हणते, मी कान लावला. ती म्हणते..." आणि ऑर्ली थांबली.

मामा रेहेमाने तिच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि तेच वाक्य परत म्हणाली.

"ती म्हणते, मला ऐकायला येत होतं. रेहेमा ठोकत होती. हळू. पण ठोकत होती."

अंगणाबाहेर सगळीकडे मुसळं पडत होती. ऑर्लीचा आवाज त्यात जेमतेम येत होता.

"ती म्हणते, बाजू हलत होता. खाली जे मुलं खणत होते, ते पण कुणाचे मुलं आहेत. त्यांच्या आया माझ्या मागे उभ्या होत्या. काही बोलत नव्हत्या. मी म्हणाली, बस. मी कुणाला नाही सांगितलं की येतंय ऐकायला. सांगितलं असतं तर मुलं थांबले नसते." इथे ऑर्लीने तोंडावर हात धरला. मग हात काढला आणि पुरं केलं, कारण समोरची बाई थांबली नव्हती. "ती म्हणते, तू ओरडत होती की येतंय, आणि सगळे म्हणाले ही वेडी झाली. तू खरं बोलत होती. मी तुला खोटी पाडलं. म्हणून रोज फोन केला. हे फोनमध्ये सांगता येत नाही."

मी आयुष्यभर बायकांच्या कळा बघितल्या, दादा. लेकराला जगात आणताना आई काय काय सोसते ते मला ठाऊक होतं. हे मला ठाऊक नव्हतं. दुसऱ्यांची लेकरं वाचावीत म्हणून आपल्या लेकीच्या ठोक्यांवरून उठून उभं राहायचं, कपडे झटकायचे, आणि वर्षभर ते एकटीने पोटात ठेवायचं.

ऑर्ली मामा रेहेमाच्या शेजारी जमिनीवर जाऊन बसली. दोघींची पाठ एकाच भिंतीला. मी उठून चहा करायला गेले, कारण तिथे माझी जागा नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या दोघी खाणीकडे गेल्या. ती बुजवलीय, वर गवत आलंय. मला बोलावलं नाही आणि मी विचारलं नाही. परत आल्यावर ऑर्ली म्हणाली, "मम्मी, मी इथे राहते. चॅरिटीसाठी नाही. असंच. गटाचे काम आहेत."

तुला मी त्या दिवशी फोनवर काय बोलले होते ते आठव. तू तिला थांबवलं नाहीस म्हणून बोलले होते. मीही थांबवलं नाही. पिशवीत तिच्यासाठी नेलेल्या गोळ्या होत्या त्या तिच्या उशाशी ठेवल्या, तिच्या मोज्यांच्या जोड्या लावून दिल्या आणि गाडीत बसले. मामा रेहेमा गाडीपर्यंत आली. खिडकीतून माझं मनगट धरून काहीतरी म्हणाली. भाषांतर करायला ऑर्ली जवळ नव्हती, आणि मला त्याची गरजही वाटली नाही.

घरात आता मी एकटी. ठोके येतात का, असं विचारशील. येतात. दुपारचे, ऊन असताना. आता मी बॉयलरवाल्याला बोलावत नाही. हातातलं काम ठेवते, खाली बसते आणि ऐकते. ती एकोणीस वर्षांची होती, मोठ्याने हसायची, तिला आतला दगड हवा होता. कुणीतरी ऐकायला पाहिजे.

पुढच्या आठवड्यात आपलं यहुदी नवं वर्ष लागतंय. तू तिथल्या सिनेगॉगमध्ये जाशील, प्रार्थनेला लागतात ती दहा माणसं जमतील. मृतांच्या नावाने कद्दिश म्हणायचं असतं ते आपल्या माणसांसाठी. रेहेमा आपली नव्हती, आपल्या धर्माची नव्हती, आणि तिला मूठमाती द्यायलाही कुणी पोचलं नाही. तिच्यासाठी म्हटलेलं चालतं की नाही मला माहीत नाही. तू रब्बायला विचारू नकोस. उभा राहा आणि म्हण. आणि तिच्या नावाबरोबर तुझ्या त्या खाणीतली नावं घे, दादा. मोठ्याने घे. तुला ती सगळी आठवत असणार.

तुझी,
मिल्का